लादीतला हात

कुर्किवारा, २ एप्रिल

मिर्याम पोरी,

सोबत एक पुडकं पाठवतोय. त्यात तुझ्या आईचे लोकरीचे हातमोजे आहेत, करडे, मनगटावर लाल पट्टी असलेले. मला ते चढत नाहीत. तुझा नि तिचा हात एका मापाचा, हे ती गावभर सांगत फिरायची. तुमच्या माल्मोत थंडी नसतेच म्हणतात, तरी असू देत.

फोनवर का बोलत नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर आयली बोलायची आणि मी मागून ओरडायचो, अशी आपली पद्धत होती. आता मागून ओरडायचं तर पुढं कोणी नाही. शिवाय माझे कान कामातून गेलेत, कागदावर मला निदान ऐकू येतं.

काम असं आहे. काल हॉटेलचा स्टेलान आला होता. बर्फाचं हॉटेल चालवतो, पण त्याला अजून आपल्यासारखं कॉफीत चीज टाकून खाता येत नाही, ते असो. हॉटेल पंधरा दिवसांत बंद होतंय. ऊन चढलंय, खोल्यांच्या भिंती घामेजल्यात. स्टेलानचं म्हणणं, हॉटेलातल्या बर्फाच्या प्रार्थनाघराच्या दारातली डावी लादी, जिच्यात तुझ्या आईचा हात आहे, ती वितळू द्यायची नाही. मार्चात कापलेल्या नव्या लाद्या नोव्हेंबरपर्यंत ज्या थंड गोदामात ठेवतो, तिथंच हीही ठेवायची आणि डिसेंबरात पुन्हा दारात बसवायची. दरवर्षी. कायमची. त्यानं कागद आणलाय, त्यावर तुझी नि माझी सही पाहिजे.

ही हाताची पद्धत तू गेल्यानंतर सुरू झाली, म्हणून सांगतो. हॉटेल उघडायच्या दिवशी कामावरच्या सगळ्यांत वयस्क बाईनं हातमोजा काढायचा आणि ‘हे आमच्या बापा’ ही प्रार्थना एकदा म्हणून होईपर्यंत उजवा तळहात लादीवर दाबून धरायचा. बस. तुझ्या आईनं प्रार्थना तीनदा म्हटली. स्टेलान म्हणाला, आयलीबाई, पुरे. ही म्हणाली, अजून आमेन कुठं झालंय. फेब्रुवारीत ती गेली आणि हात राहिला.

आता तीस वर्षं आम्ही मार्चात नदीतून लाद्या कापतो, त्यांचं घर बांधतो, आणि मेमध्ये ते घर पाणी होऊन नदीत जातं. शेजारणीकडून उसनं आणलेलं वाटीभर पीठ परत करावं तसं. आजवर कोणी एक वीतभर बर्फ ठेवून घेतलेला नाही. पण हा हात तिचा आहे. डोकं नुसतं भंजाळलंय बघ. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तू इमारतींच्या विजेचं शिकलीस, मोठमोठ्या लोकांना सल्ले देतेस. मला एवढंच कळव, एक लादी उन्हाळाभर थंड ठेवायला किती वीज खाते? फार खात असेल तर तसं स्वच्छ लिही. मी स्टेलानला सांगेन, मुलगी नको म्हणते.

स्टेलाननं लादीपुढं दोर बांधलाय, पाहुण्यांनी हात लावू नये म्हणून. मला कोण अडवणार. रोज सकाळी जातो, हातमोजा काढतो, तिच्या हातात हात ठेवतो आणि येतो. ७९ साली करवतीनं खाल्लेलं माझं अर्धं बोट थंडीत अजून ठणकतं, पण तेवढा वेळ बरं वाटतं.

तुझा बाप,
हेल्मेर


माल्मो, ११ एप्रिल

बाबा,

हातमोजे मिळाले. मी ते ऑफिसात घालून बसले, बाहेर चौदा अंश असताना. शेजारची बोदिल म्हणाली, बरं नाही का तुला. मी म्हटलं, बरं आहे. हातमोजे अगदी बसतात. आतून अजून तिच्या क्रीमचा वास येतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. एक लादी काहीच खात नाही. गोदाम नव्या लाद्यांसाठी चालूच असतं, त्यात आणखी एक बर्फाचा ठोकळा म्हणजे उलट गोदाम गार राहायला मदतच. आणि छतावर सौर पत्रे आहेत. जून-जुलैत तुमच्याकडे सूर्य मावळतच नाही, तेव्हा सगळी वीज तिथूनच येते. सप्टेंबरनंतर तारेवरची घ्यावी लागेल, पण तीसुद्धा तुमच्या उत्तरेत धरणांचीच. मी कागदावर मांडून पाहिलं. घाबरण्यासारखं काही नाही.

खरं सांगायचं तर बर्फाच्या घरामुळे हवामानावर जो भार पडतो, तो नदी, बर्फ, गोदाम यांचा फारसा नाहीच. भार आहे तो पाहुण्यांचा. टोकियोहून, माद्रिदहून विमानं करून येतात ना, त्यांचा. आपल्या एका लादीवरून कोणी बोट दाखवणार नाही.

बाबा, ‘मुलगी नको म्हणते’ असं लिहून तुम्ही मला घाबरून विचारताय, हे मला कळलं. मी नको म्हणेन अशी भीती वाटली ना? मी नाही म्हणत. तुम्हाला ती जवळ हवी आहे, असू द्या. सही केली आहे, कागद सोबत आहे. मला काय वाटतं ते राहू द्या, तिथं तुम्ही राहता, मी नाही.

छाती कशी आहे? डॉक्टरांकडे जा. आई असती तर ओढत नेलं असतं.

तुमची,
मिर्याम


कुर्किवारा, १९ एप्रिल

मिर्याम,

कागद मिळाला. तुझी सही बघितली आणि खाली माझीही केली. तू एवढं ठामपणे लिहिलंस, मग मी काय बोलणार.

काल लादी काढली. मी तिथं होतो. चार माणसं, एक उचलगाडी आणि स्टेलान, जो नुसता ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत होता. त्यापेक्षा त्यानं हात लावला असता तर बरं. लादीला घोंगडी गुंडाळली, वर चंदेरी कापड, आणि गोदामात अगदी मागच्या भिंतीशी नेऊन ठेवली, जिथं पंखा आहे. जायच्या आधी मी पुन्हा एकदा हात ठेवला. तिचा हात मला थोडा मोठा वाटला. असतं तसं, मेलेल्या माणसाचं सगळं मोठं वाटतं.

दारातनं डावी लादी गेल्यावर कमानीला आधार उरला नाही. आज दुपारी कमान बसली. दरवर्षी प्रार्थनाघर सगळ्यांत शेवटी जातं, मेच्या दहाला, कधी बाराला. यंदा सगळ्यांत आधी गेलं. मला ते बरं वाटलं नाही, पण ठीक.

डॉक्टरकडे गेलो होतो, खूश हो. छातीत पाणी आहे म्हणे. शून्याखालच्या जागेत पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं, बाई, मी कुर्किवाऱ्यात राहतो, इथं शून्याखाली नाही अशी जागा कुठली? ती म्हणाली, उन्हाळा येतोय, आणि गोदामात जायचं नाही. म्हणजे लादी राखलीय, पण मी तिला बघायचं नाही.

तुझं ते विमानांचं मला समजलं नाही. यंदा मार्चात बर्फ कापताना बर्फाला भोक पाडून जाडी मोजायच्या माझ्या गिरमिटावरची सातवी खूण भिजली नाही. पूर्वी दहावी भिजायची. म्हणजे बर्फ पातळ होतोय, हे मला तुझ्या ऑफिसाआधी ठाऊक आहे. तू म्हणतेस तो विमानांनी होतो. आणि विमानं येतात ती बर्फ बघायला. मग मी पाहुण्यांना काय सांगू, चालत या म्हणून? आणि ज्या उन्हानं बर्फ वितळायचा, तेच ऊन आता छतावर बसून बर्फ राखणार. कुणाच्या बाजूचं आहे ते ऊन, एकदा ठरवून कळव.

बाप


माल्मो, ३० मे

बाबा,

तुमच्या त्या पत्रानंतर मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली.

त्याचं असं झालं. जेवताना मी बोदिलला लादीचं सांगितलं. जरा फुशारकीनंच सांगितलं, माझ्या आईचा हात बर्फात जपून ठेवलाय म्हणून. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, ‘पण मला वाटलं, तुमच्याकडचं सगळं नदीला परत जातं. तीच तर त्यातली खरी गोष्ट आहे, असं तूच सांगितलं होतंस.’ लोकांच्या इमारतींना मी विचारते, काम संपलं की हिचं काय होणार? आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत तो प्रश्न विसरले.

मग तुमचं एप्रिलातलं पहिलं पत्र काढून पुन्हा वाचलं. ‘फार खात असेल तर तसं स्वच्छ लिही.’ बाबा, हे वाक्य आता मला भलतंच ऐकू येतंय. मी हो म्हणावं असं तुम्हाला हवं होतं, की नाही म्हणावं असं?

मला तेव्हाच वाटलं होतं, जाऊ द्यावी. सगळ्या लाद्यांबरोबर, तिच्या वेळेला. पण तुम्ही रोज सकाळी जाऊन हात ठेवता हे वाचलं आणि मला ते लिहवेना. वाटलं, मी इथं लांब बसून शहाणपणा कशाला शिकवू.

खरं सांगा. तुम्हाला ती लादी हवी होती का?

मिर्याम


कुर्किवारा, २४ जून

मिर्याम,

मध्य-उन्हाळ्याचा सण झाला. खांब उभा केला, लोक नाचले, डास नाचले. मी बाकावर बसलो होतो आणि तुझं पत्र खिशात होतं. वीस दिवस ते खिशातच आहे. रागावलो होतो, म्हणून उत्तर दिलं नाही.

आता तू मला विचारतेस? मी विजेचं विचारलं ते काय मला विजेची काळजी होती म्हणून? जन्मात कधी विजेचं काही विचारलंय मी? मला वाटलं, माझी शिकलेली मुलगी लिहील, ‘बाबा, हे पर्यावरणाला बरं नाही’, आणि मी तो कागद स्टेलानच्या नाकासमोर धरीन. म्हणजे मला माझ्या तोंडानं नको म्हणावं लागणार नाही. बायकोचा हात नदीत सोडा, हे नवऱ्यानं कसं म्हणायचं? गाव काय म्हणेल? तू काय म्हणशील? आणि तू काय लिहिलंस, तर लादी उलट गोदाम गार ठेवते.

मग मी समजलो, पोरीला आई हवी आहे. फेब्रुवारीत तुझं विमान उशिरा पोचलं, तुला तिचा हात हातात घ्यायला मिळाला नाही. म्हटलं, असू दे, तिच्यासाठी ठेवू. आणि सही केली.

म्हणजे तुला नको होती, मला नको होती, आणि दोघांनी सही करून ठेवून घेतली. तुझी आई असती तर पोट धरून हसली असती. म्हणाली असती, हात दाखवून अवलक्षण.

पण आता गंमत अशी झालीय की मला नक्की कळेनासं झालंय. नदी मोकळी झाली, हॉटेलच्या जागी नुसतं ओलं गवत आहे. रात्रीही ऊन असतं, गोदामाचं छत चमकतं, आणि मी खिडकीतून ते बघत बसतो. ती आत आहे असं वाटतं. दुसऱ्या क्षणाला वाटतं, तिला कोंडलंय. दिवसाला चार वेळा मत बदलतो. बर्फाच्या बाबतीत हे माझं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

स्टेलाननं तर त्या लादीबद्दल पाहुण्यांसाठी पत्रक छापलंय. आता ती त्याच्याकडून परत मागता येईना, त्याला मनापासून देता येईना, असं करून टाकलंय आपण.

तू ये. मला आत जाता येत नाही, तू जाऊन बघ. हात तसाच असेल तर ठेवू. मग मी पुन्हा नाव काढणार नाही. तुझ्या शब्दावर सोडतो.

बाप


माल्मो, ८ सप्टेंबर

बाबा,

मी येऊन गेले त्याला नऊ दिवस झाले. त्या दिवशी गोदामातून बाहेर आले, तेव्हा तुम्ही ओंडक्यावर बसला होता. तुम्ही विचारलंत, ‘आहे?’ मी म्हटलं, ‘आहे. जसाच्या तसा.’ तुम्ही मान हलवलीत आणि दोघं घरी आलो, मासे तळले, जेवलो. जाताना तुम्ही म्हणालात, मग ठरलं तर, ठेवायचा. मी हो म्हटलं.

मी खोटं बोलले. म्हणून लिहिते. रागवायचं तर रागवा.

स्टेलाननं कापड काढलं, घोंगडी काढली. उणे पाच होतं आणि डोक्यावर पंखा घोंघावत होता. लादी वितळली नव्हती, पाण्याचा थेंबही कुठं नव्हता. पण तिच्या कडा गेल्या होत्या. पाटावर झिजलेल्या साबणासारखी गुळगुळीत झाली होती. मी स्टेलानला विचारलं, हे काय. तो म्हणाला, कोरडी थंडी आहे, पंख्यानं बर्फ उडतो थोडा, चालायचंच. मला लाज वाटली. हे मला माहीत असायला हवं होतं. वीज किती खाते ते मी काढलं, पंखा लादी किती खातो ते काढलं नाही.

पंजा होता. मी आईचा हातमोजा काढला आणि हात आत ठेवला. तुम्ही म्हणायचात ना, आमचा हात एका मापाचा. बाबा, माझा हात त्यात सैल पडला. चारी बाजूंनी जागा उरली. अंगठा तर कुठल्या कुठं. मला वाटलं झीज झाली असेल. मग बोटं सरळ केली आणि अंगठ्याशेजारचं बोट मधेच बर्फाला अडलं. बाकीची तीन खोल होती, सरळ गेली. हे बोट अर्ध्यावर थांबलं. पुढं बर्फ सपाट होता.

मी दोनदा करून पाहिलं. स्टेलान विचारत होता, काय झालं. मी त्याला काही सांगितलं नाही.

तो तुमचा हात आहे, बाबा. आईचा नाही. तुम्ही फेब्रुवारीपासून रोज तिथं उघडा हात ठेवलात, दरवेळी थोडं थोडं पाणी झालं आणि पुन्हा गोठलं. जिथं तुमचा हात लागत होता तिथं खोल होत गेलं, रुंद होत गेलं. जिथं तुमचं बोट नाही तिथं तिचं बोट उथळ राहिलं होतं, आणि तेवढं उन्हाळ्यात पंख्यानं नेलं. तुम्हाला वाटलं होतं ना, हात मोठा झालाय? झालाच होता.

स्टेलाननं ज्याचं पत्रक छापलंय तो तुमचा पंजा आहे. मी हे तुम्हाला ओंडक्यावर कसं सांगणार होते? तुम्हाला वाटेल, तुम्हीच तिला पुसलं. मला तसं वाटत नाही. पण काय वाटतं, तेही मला नीट सांगता येत नाही.

मिर्याम


कुर्किवारा, १७ ऑक्टोबर

मिर्याम पोरी,

रागावलो नाही. पत्र वाचलं, मग माझा हात टेबलावर ठेवला आणि बघत बसलो. कॉफी उतू गेली. तिसऱ्या दिवशी मला हसू यायला लागलं आणि मग रडू, आणि दोन्ही एकदम आलं की म्हातारा माणूस फार वाईट दिसतो, म्हणून दार लावून घेतलं.

बर्फात आयुष्य गेलं माझं. उघडा हात बर्फावर ठेवू नये, ठसा राहतो, हे मी स्वतः शंभर नव्या माणसांना शिकवलंय. आणि चोपन्न सकाळी मीच तेच केलं. दुसऱ्या कुणाच्या लादीवर केलं नसतं. तू लिहितेस मी तिला पुसलं असं मला वाटेल. पहिले दोन दिवस वाटलं. मग मनात आलं, चव्वेचाळीस वर्षं आम्ही एकमेकांचं हेच केलं. ती मला घासून गुळगुळीत करत होती, मी तिला. मी तिच्यासारखी प्रार्थना म्हणायला लागलो, ती माझ्यासारख्या शिव्या द्यायला लागली. मग लादीत आणखी काय होणार होतं?

तुझ्या खोटं बोलण्याचं म्हणशील तर तू तुझ्या बापावर गेलीस. दोघांनाही तोंडानं नको म्हणता येत नाही.

स्टेलानकडे गेलो. म्हटलं, कागद फाड. तो म्हणाला, पत्रकं छापून झालीत, पाहुण्यांना काय सांगू? मी हात वर केला, बोट दाखवलं आणि म्हटलं, जाऊन तुझा पंजा नीट बघ. तो आत गेला. बाहेर आला तेव्हा टोपी हातात होती. उचलगाडीची किल्ली शोधायला लागला. माणूस वाईट नाही.

शनिवारी लादी धक्क्यावरून नदीत सोडली. कडेला पातळ बर्फ धरायला लागलाय, मधलं पाणी मोकळं आहे. मला वाटलं होतं झपकन वाहून जाईल. गेली नाही. पालथी झाली आणि तरंगत राहिली, वळणावरच्या वाकड्या झाडाच्या मुळाशी जाऊन अडकली. तिथंही हट्ट. रविवारी सकाळी बघितलं, होती, टोपलीएवढी पाण्यावर दिसत होती. सोमवारी नव्हती. डॉक्टर म्हणते तशी मफलर तोंडावर घेऊनच गेलो होतो, ओरडू नकोस.

आता मला हवी होती की नको होती, ते अजूनही मी सांगू शकत नाही. पण सकाळी उठल्यावर जायचं कुठं, हा प्रश्न मिटला. नदीवर जातो. बर्फ किती धरला बघतो. यंदा धरतोय, पण उशिरा.

एक काम आहे. डिसेंबरात प्रार्थनाघर उघडेल तेव्हा सगळ्यांत वयस्क कामकरी बाई म्हणजे स्वयंपाकघरातली हेल्गा, आणि ती म्हणते आयलीच्या जागी मी हात ठेवणार नाही, यंदा मिर्यामनं ठेवावा. मी म्हटलं, विचारतो. विचारत नाहीये. ये, असं सांगतोय. पाहिजे तर आगगाडीनं ये, तुझ्या त्या विमानांचं पाप नको.

प्रार्थना एकदाच म्हणायची. मी दोराच्या बाहेर उभा राहीन, दोन्ही हात खिशात घालून. आणि येताना तिचे हातमोजे आण, नंतर लागतात.

तुझा बाप,
हेल्मेर